सोनकांबळे बाईंचं बोंजूर

सोनकांबळे बाई कुठल्याही खोलीत एकदम शिरत नसत. दाराशी थांबायच्या, पिशवी डाव्या हातात घ्यायच्या, आतल्या सगळ्यांना मिळून "जय भीम" म्हणायच्या आणि मग क्षणभर तशाच उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई बुजल्यात. मी तोंडभर हसून म्हणालो, "नमस्कार, या या, बसा कुठंही." त्या आणखी क्षणभर थांबल्या, मग आत येऊन पहिल्या बाकावर बसल्या. ते थांबणं कशासाठी होतं हे कळायला मला, म्हणजे त्यांच्या शिक्षकाला, बरेच दिवस लागले.

मी शिक्षक फ्रेंचचा. लातुरात फ्रेंच शिकवून पोट भरायचं म्हणजे चेष्टेचाच विषय. आमच्याकडं पोर चालायला लागलं की ते डॉक्टर होणार का इंजिनिअर, एवढीच चर्चा असते. माझ्या क्लासची पाटी वाचून पालक आत यायचे आणि विचारायचे, "नीटला येतं का हे?" नाही म्हटलं की पाणीसुद्धा न पिता उठायचे. त्यामुळं नांदेडच्या एका शिक्षणसंस्थेचं बोलावणं आलं तेव्हा मी फार भाव न खाता गेलो. संस्थेच्या तालुक्या-तालुक्याला इंग्रजी शाळा होत्या. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी पुण्यातल्या कुठल्याशा शाळेच्या माहितीपत्रकात फ्रेंच पाहिलं होतं आणि आपल्याकडंही तिसरीपासून ते हवं, भाषा आणि संस्कृती दोन्ही, असा त्यांचा हुकूम सुटला होता. एवढे फ्रेंचचे शिक्षक कुठून आणायचे? तेव्हा आहेत त्याच बाईंना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नायगाव, देगलूर, निलंगा अशा ठिकाणच्या अकरा जणी. उन्हाळ्यात तीन आठवडे नांदेडला, पुढं वर्षभर महिन्यातला एक शनिवार. शेवटी प्रत्येकीनं आपल्या शाळेत मुलांसमोर एक पाठ घ्यायचा. तो मला पसंत पडला तर वर्ग तिच्याकडं राहणार. नाही पडला तर वर्ग दुसऱ्या कुणाला जाणार आणि ती ऑफिसात दाखले लिहीत बसणार. दहा जणी तिशीच्या अलीकडं-पलीकडं होत्या. अकराव्या सोनकांबळे बाई, वय चौपन्न, नायगावच्या शाळेत अठरा वर्षं तिसरीच्या वर्गावर. पहिल्या आठवड्यातच त्या मला म्हणाल्या, "सर, दाखले लिहिणं काय वाईट काम न्हाई. पण मला फळ्यासमोरूनच रिटायर व्हायचंय. तेवढं शिकवा मला."

मला मनातून वाटलं, ह्या काही निभावणार नाहीत. फ्रेंचमधला र घशातून काढावा लागतो. पोरीबाळींच्या घशातून तो दहा दिवस निघेना. कुणी खाकरायचं, कुणी गुळण्या केल्यासारखा आवाज काढायचं, आणि खिडकीबाहेर शिपाई हसायचा. बाईंचं माहेर देगलूरचं. आई बाजारात भाजी विकायची, त्यामुळं मराठीबरोबर तेलुगू, कानडी आणि दखनी त्यांच्या कानावर लहानपणापासून. एके सकाळी त्या म्हणाल्या, "सर, आमच्या शेजारच्या रझियाआपा उर्दू शाळेत शिकवतात. त्या गरीब म्हणतात ना, त्यातला ग आन् तुमचा हा र सख्खे भाऊ दिसून राहिलेत." मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. बरोबर होतं. पुण्यात सहा वर्षं शिकलो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी अकराही जणी रझियाआपांसारखं गरीब, गरीब म्हणत बसल्या आणि दुपारपर्यंत निम्म्या जणींना र आला.

"देगलूरच्या बाजारात तीन भाषेत भाव करावा लागतो," बाई डबा उघडताना म्हणाल्या. "चौथी काय डोक्यावर बसती का?"

एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. बोंजूर म्हणजे फ्रेंचांचा नमस्कार. त्यातला ज आपल्या जरीतलाही नाही आणि जगातलाही नाही, त्याच्यात थोडा श मिसळावा लागतो. बाई आपल्या जुन्या-जाड्या ज नं ठणकावून बोंजूर म्हणायच्या. मी पंचवीसदा टोकलं असेल. सव्विसाव्यांदा त्या म्हणाल्या, "माझं तोंड देगलूरचं हाय, सर. पाहुण्याला कळलं का की मी त्याचं स्वागत करून राहिले? कळलं ना. मग झालं." मी उच्चारांचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोललो. त्यांनी ते सगळं मन लावून उतरवून घेतलं आणि निघताना पुन्हा तसंच बोंजूर म्हणून गेल्या.

मग संस्कृतीचा आठवडा आला. बाकीच्या जणींनी थर्मोकोलचा आयफेल टॉवर केला, एकीनं चीज म्हणून घरचं पनीर आणलं, आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. बाईंचं समाधान होईना. "टॉवर तिकडची माणसं वर्षातून एकदा बघत असतील, सर. सकाळी उठून काय करतात ते सांगा." मी सांगितलं, सकाळी पाव आणायला जातात. दुकानात पाय टाकला की आधी बोंजूर म्हणायचं, मग काय हवं ते मागायचं. न म्हणता मागितलं तर दुकानदार नाराज होतो. आणि तुम्ही म्हटलं की त्यालाही बोंजूरच म्हणावं लागतं.

"म्हणजे जे दिलं तेच परत," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"हो."

"गिऱ्हाईक कोण का असंना?"

"कोणीही."

"झाडू मारणारा असला तरी?"

"तरीसुद्धा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पदरानं पुसला. "मग ही भाषा पोरांना शिकवण्यासारखी हाय," त्या म्हणाल्या. मी मोठ्या ऐटीत फळा पुसून पुढच्या धड्याकडं वळलो.

इथं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी निलंग्याकडच्या एका शेतकरी घरातला. आमच्या गावात रामराम कुणाला घालायचा आणि सलाम कुणाला करायचा, हे पोराला पाचव्या-सहाव्या वर्षीच कळतं. कुणी जय भीम म्हटलं तर माझे आजोबा नुसतं "हं" करायचे. मी शिकलेला, चार पुस्तकं वाचलेला, म्हणून मी हसून "नमस्कार" म्हणायचो, आणि आपण आजोबांच्या किती पुढं आलो याचं मला कौतुकही वाटायचं. वर्षभर बाई दर महिन्याच्या शनिवारी दारात थांबून जय भीम म्हणत होत्या आणि वर्षभर मी नमस्कार म्हणत होतो.

पाठाचा दिवस आला. मी नायगावच्या शाळेत तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर गुणांचा कागद घेऊन बसलो. फळ्यावर टॉवर नव्हता, झेंडा नव्हता. बाईंनी मुलांना विचारलं, "घरी माणूस आलं की तुमच्याकडं काय म्हणतात?" एकानं रामराम म्हटलं, आणि सगळ्या वर्गानं त्याला रामराम परत दिला. लिंगायत घरातल्या एकीनं शरणु शरणार्थी म्हटलं, तेही परत गेलं. एका मुलानं सलाम केला आणि त्याला उलट काय म्हणायचं हेही त्यानंच सगळ्यांना शिकवलं. मग खिडकीशी बसलेली एक बारीकशी मुलगी उठली आणि जय भीम म्हणाली. बत्तीस पोरं एका सुरात म्हणाली, "जय भीम." कुणाची जीभ अडखळली नाही. मागच्या बाकावर माझे कान तापले होते. बाई दारात क्षणभर का थांबतात ते मला त्या वेळी कळलं.

"जे दिलं तेच परत," बाई म्हणाल्या. "आन् परत मिळूस्तर बसायचं न्हाई. आता फ्रान्सचा पाहुणा आला समजा."

नेमके त्याच वेळी भाऊ आले. पाठ कसा चाललाय ते बघायला, मागं मुख्याध्यापक. "काय बाई, काय शिकवून राहिलात?" वर्ग ताडकन उभा राहिला. "बोंजूर, मस्यो," म्हणजे नमस्कार, साहेब. भाऊंनी हात हलवला, "बसा, बसा." कुणी बसलं नाही. भाऊ पुन्हा म्हणाले, "अरे बसा म्हणलो ना." बत्तीस जोडी डोळे त्यांच्यावर. बाई हातातल्या खडूकडं बघत होत्या. त्यांनी एक शब्द बोलून मुलांना बसवलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्या बोलल्या नाहीत. भाऊंचं घर नायगावातच, त्यामुळं पहिल्या बाकावर त्यांची नात होती, ईश्वरी. ती हळूच म्हणाली, "आजोबा, परत द्यायचं असतंय." मुख्याध्यापकांनी रुमालानं मान पुसली. भाऊ तोंडातल्या तोंडात बोंजूर म्हणाले. तेव्हा कुठं वर्ग धपकन खाली बसला.

नंतर ऑफिसात चहा घेताना भाऊ म्हणाले, "बाईंचे उच्चार जरा कच्चे वाटले मला. तुमच्या कागदावर ते येईलच." आयुष्यात भाऊंनी फ्रेंचचा तेवढा एकच शब्द उच्चारला होता, तोही पाच मिनिटांपूर्वी. मी म्हणायला हवं होतं की भाऊ, अकरा जणींत ह्या पहिल्या आहेत. पण माझं पुढच्या वर्षीचं काम भाऊंच्या हातात होतं. मी म्हणालो, "बघतो." कोरा कागद पिशवीत टाकला आणि स्टँडवर निघालो. फाटकापाशी बाई उभ्या होत्या. "जय भीम, सर. कसा झाला?" मी नमस्कार म्हणालो, चांगला झाला म्हणालो, आणि समोरच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली का ते बघू लागलो. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. "सर, त्या बाईंचं लिहिलं का काही?"

"अजून नाही, भाऊ."

"वंगाळ लिहू नका. काल घरी गेलो तर नात ताटावर बसंना. म्हणली, आजोबा, घरात आल्यावर आधी काय म्हणायचं असतं? सुनेला म्हणायला लावलं, गड्याला म्हणायला लावलं. सत्तराव्या वर्षी बोंजूर, बोंजूर करत घरभर फिरून राहिलो मी." मग आवाज उतरवून म्हणाले, "गडी तीस वर्षांपासून हाय आमच्याकडं. काल पहिल्यांदा हसला माझ्याकडं बघून. राहू द्या बाईंना वर्गावर."

मग मी कागद काढला आणि आदल्या दिवशीच लिहायला हवं होतं ते लिहिलं. पुढं काही महिन्यांनी मला राहवेना, तेव्हा बाईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही. "मला फाटकापाशीच कळलं होतं. तुम्ही माझ्याकडं न बघता एसटीकडं बघून राहिलता."

"मग बोलला का नाहीत?"

"माणूस आपणहून सांगतो का ते बघायचं होतं. सांगितलंत."

त्या दिवशी त्यांचा निरोप घेतानासुद्धा माझ्या तोंडून नमस्कारच गेला. सगळं कळूनही चाळीस वर्षांची सवय जिभेवरून निघत नव्हती, दुसरं काय सांगणार.

बाई फळ्यासमोरूनच रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. मैदानात सतरंज्यांवर मुलं, मंचावर भाऊ, मुख्याध्यापक आणि मी. बाई मंचाच्या शेवटच्या पायरीशी थांबल्या, पिशवी डाव्या हातात घेतली आणि आम्हा सगळ्यांना मिळून जय भीम म्हणाल्या. मंचावरचे हात जोडले गेले, माना हलल्या. बाई क्षणभर थांबल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. पहिलं भाषण माझं होतं. खिशात लिहून आणलेला कागद होता, त्यात दोन ओळी फ्रेंचच्याही होत्या. माइकसमोर उभा राहिलो, कागद उघडला, पुन्हा त्याची घडी घातली. बाईंकडं वळून म्हणालो, "जय भीम, बाई."

बाईंचं उत्तर यायच्या आधीच समोरची मुलं उभी राहिली. तिसरीत बाईंच्या हाताखाली घडलेली सवय ती. सगळं मैदान एका आवाजात म्हणालं, "जय भीम, सर." आणि कुणी खाली बसेना. आता सहावी-सातवीत गेलेली ईश्वरी मंचाकडं बघत होती. भाऊंनी नातीकडं पाहिलं, मग बाईंकडं, आणि त्यांचे ओठ हलले. आवाज आला की नाही ते मला सांगता येणार नाही, पण मुलं बसली.

मी काय भाषण केलं ते आठवत नाही. खुर्चीवर येऊन बसलो तेव्हा बाई चष्मा पदराला पुसत होत्या. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "उच्चार चांगला हाय तुमचा, सर. चार वर्षं लागली, पण आला."