सुनेचे डोहाळे आणि माझ्या सांजोऱ्या

शुगर एकशे बहात्तर आली आहे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी सरळ त्यांच्या लॅबवाल्याची तक्रार केली. सकाळी त्यानेच माझ्या सुनेला, अश्विनीला, ग्लासभर ग्लुकोजचं पाणी पाजलं होतं. दोन तासांनी रक्त काढलं आणि आता म्हणे रक्तात साखर निघाली.

"साखर तुमीच पाजली," मी म्हटलं, "आन आमाले काऊन रागावून राह्यले?"

आदिलाबादच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तेलुगू आहेत, पण आपल्याला समजेल अशी हिंदी बोलतात. त्यांनी हसू दाबलं. "अम्मा, वही पानी सबको पिलाते हैं. सबकी एक सौ चालीस के ऊपर नहीं जाती."

या आजाराचं नाव जेस्टेशनल डायबिटीज, म्हणजे गरोदरपणात होणारा मधुमेह. अश्विनीला सहावा संपत आला होता. आईच्या रक्तातली जास्तीची साखर नाळेतून बाळाकडे जाते. बाळ नको तेवढं मोठं होतं, जन्मताना अडकू शकतं आणि जन्मल्यावर त्याची स्वतःची साखर एकदम उतरू शकते. दोन आठवडे जेवण सांभाळायचं, जेवल्यावर चालायचं आणि घरी मशीनवर रक्त तपासून आकडा वहीत लिहायचा. उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत, जेवणानंतर दोन तासांनी एकशेवीसच्या आत. नाही जमलं तर इन्सुलिनची इंजेक्शनं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण अश्विनीची आई ती लहान असतानाच गेली. भीमपूरला तिचे वडील आणि भाऊ, दोघंही चहासुद्धा करपवणारे. म्हणून आम्ही तिला आमच्याकडे गुडीहत्नूरलाच ठेवून घेतलं. माझ्या मनात एकच होतं, या पोरीला आईची उणीव भासू द्यायची नाही. आता आई म्हटली की खाऊ घालणं आलं, आणि खाऊ घालणं म्हटलं की मी कुणाचं ऐकत नाही.

डॉक्टरबाईंनी दिलेला जेवणाचा कागद मी स्वयंपाकघरात चिकटवला. ज्वारीची भाकरी, भाजी, वरण, भात फक्त अर्धी वाटी. सगळं तसंच केलं. पण त्या कागदावर डोहाळ्यांचं कुठे काही लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे म्हणतात, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात. एकदा टीव्हीवर कुणीतरी सांजोऱ्या तळत होतं आणि अश्विनी ते टक लावून पाहत होती. मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी मी रवा भाजला, गूळ घातला, तूप घातलं आणि सांजोऱ्या केल्या. मग रोज दुपारची तपासणी झाली की चार वाजता, आमचे हे दुकानात आणि मुलगा महेश कामावर असताना, दोन सांजोऱ्या गुपचूप तिच्या ताटलीत. मशीनची वेळ टळून गेलेली, म्हणजे आकड्यात येणार नाही, इतकी अक्कल मी चालवली होती. अश्विनी मुकाट्याने खायची. मी म्हणायचे, "खा बाई, तुयासाठी नाई, पोटातल्यासाठी खा."

दोन आठवड्यांनी डॉक्टरबाई वही पाहून गोंधळल्या. कागदावर अर्धी वाटी भात आणि सकाळचा आकडा एकशे बारा. रात्रीच्या जेवणानंतरचा तर बोलायलाच नको. "ये शक्कर आ कहाँ से रही है?" असं त्या दोनदा म्हणाल्या. मी भिंतीवरचं गुबगुबीत बाळाचं चित्र पाहत बसले.

मग त्यांनी इन्सुलिन लिहायला पेन उचललं आणि अश्विनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिला सुईची फार भीती. ते पाहून माझा धीर सुटला. मी सगळं सांगून टाकलं. गूळ, तूप, चार वाजता, रोज दोन.

"पोरीले डोहाळे लागले होते," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी अश्विनीकडे पाहिलं. पदराने नाक पुसून ती हळूच म्हणाली, "मले गोड आवडतच नाई, आई. तुमी एवढ्या मायेनं करून राह्यल्या, मंग नाई कसं म्हनू?"

सांजोऱ्यांचे डोहाळे खरं तर कुणाला लागले होते ते मला तिथेच, त्या खुर्चीवर आठवलं. महेशच्या वेळी मला लागले होते. माझ्या सासूबाईंना मी सांगू शकले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांनी मी ते सुनेला खाऊ घालत होते, तेही तिला न विचारता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरबाईंनी एक आठवडा दिला. सांजोऱ्या बंद. आकडे उतरले, पण सकाळचा शंभराच्या खाली येईना. शेवटी इन्सुलिन लागलंच. तुमच्या सांजोऱ्या नसत्या तरी कदाचित लागलं असतं, काही जणींचं शरीरच तसं असतं, असं त्या म्हणाल्या. मला ते अजून पुरतं पटलेलं नाही.

इंजेक्शन देणार कोण? महेशने सुई पाहिली आणि तो खाली बसला. मग नर्सने मला मोसंबीवर टोचायला शिकवलं. घरी मी अर्धा डझन मोसंब्यांना इंजेक्शनं दिली, ती नंतर कुणी खाईना. पहिल्या दिवशी अश्विनीच्या मांडीची चिमूट धरली आणि मोसंबीसारखंच टोचलं. डोळे मिटूनच ती म्हणाली, "झालं का?" झालेलं होतं.

पुढचे दोन-अडीच महिने मी अशी कडक झाले की शेजारीण पेढे घेऊन आली तर मी ते दारातच घेऊन तिचे आभार मानून तिला परत पाठवायचे. सगळे पेढे आमच्या ह्यांनी खाल्ले. एकदा गंमत म्हणून त्यांचंही बोट टोचलं, तर दोनशे दहा. आता घरात दोन वह्या आहेत.

अडतिसावा आठवडा संपल्यावर डॉक्टरांनी कळा आणायचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुलगी झाली. तीन किलो चारशे, कुठे अडकली नाही. मी हात जोडले, तोच नर्सने तिच्या टाचेतून थेंबभर रक्त घेतलं. शुगर अडतीस. फार कमी. आईकडून येणारी साखर नाळेबरोबर तुटते, पण बाळाचं शरीर मात्र सवयीने साखर जाळतच राहतं, असं तिने समजावलं.

माझ्या पिशवीत मधाची बाटली होती. आमच्याकडे बाळाला मध चाटवतात. माझा हात पिशवीत गेलासुद्धा. बाटली बोटांना लागली. या वेळी तर साखर कमी होती हो, कोण चूक म्हणालं असतं? पण मी विचारलं. "सिस्टर, शहद दूँ?"

"बिलकुल नहीं. इतने छोटे बच्चे को शहद से खतरा है. माँ का दूध, अभी."

बाटली मी महेशकडे देऊन त्याला बाहेर पाठवलं. अश्विनीने पोरीला छातीशी धरलं. पोरगी आधी रडली, मग तिला जमलं. एक तास थांबायचं होतं. मी पलंगाशेजारी हात मांडीखाली घालून बसले, नाहीतर त्या हातांनी काहीतरी केलं असतं. तीन महिने जी साखर उतरावी म्हणून देवाला सांगत होते, तीच आता चढू दे म्हणून विनवत होते. त्यालाही वाटलं असेल, या बाईला नक्की हवंय काय.

तासाने पुन्हा टाच टोचली. सत्तावन्न. सिस्टर म्हणाली, "ठीक है, अम्मा." दोन दिवस तपासत राहिले, पुन्हा खाली गेली नाही. दीड महिन्याने अश्विनीचीही तपासणी चांगली आली. आता दरवर्षी एकदा करायची.

तुमच्या घरी हे आलं तर घाबरू नका. कागदावर जे लिहिलंय ते करा, आणि नसेल लिहिलं ते डॉक्टरांना विचारा. आणि सुनेलाही विचारा.

त्या दिवशी सत्तावन्न ऐकल्यावर मी अश्विनीजवळ गेले आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुले काय पायजे, बाई?"

तिचे डोळे मिटत होते. "काई नाई, आई. मले झोपायचं हाय. हिले घ्या तुमी."

मी पोरीला घेतलं.