मुंबई की अहमदाबाद

नाशिकच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला मी आणि माझा मित्र एकाच बाकावर बसत होतो. पण आमची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. तो जुन्या नाशकातल्या मुसलमान फळव्यापाऱ्याचा मुलगा, आणि मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षबागायतदाराचा. हंगाम सुरू झाला की आमच्या बागेतल्या करंड्या त्याच्या वडलांच्या वखारीत उतरायच्या आणि तिथून रेल्वेने मुंबईला जायच्या. माझे वडील, म्हणजे अण्णा, करंड्यांबरोबर मलाही न्यायचे. मोठी माणसं भावाचं बोलत बसली की आम्ही दोघं वखारीच्या मागे गोट्या खेळायचो. त्याच्या वडलांना मी चाचा म्हणत असे. अण्णा त्यांना शेठ म्हणत आणि ते अण्णांना पाटील.

कॉमर्स शिकायची कल्पना या दोघांचीच. मुंबईचा आडत्या कळवील तो भाव मुकाट्याने घ्यायचा, हे दोघांनाही डाचत होतं. द्राक्षं मुंबईच्या पुढे का जाऊ नयेत, याचं उत्तर दोघांपाशीही नव्हतं. रेल्वेशी आणि बँकेशी इंग्रजीत बोलू शकेल असा घरचा माणूस हवा, असं चाचा म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "घरचा एक कशाला, दोन हायेत की." म्हणजे आम्ही.

पण कॉमर्सची पदवी घ्यायची तर नाशकात सोय नव्हती. पुण्यातही तेव्हा नव्हती. मुंबईला एक जुनं, नावाजलेलं कॉलेज होतं आणि अहमदाबादला एक नुकतंच निघालं होतं. आमच्या आवाक्यातली निवड एवढीच. आम्हाला अर्थशास्त्र शिकवणारे सर पंचवटीत राहत. एका सकाळी गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, पलीकडे जाऊन आम्ही त्यांनाच विचारलं.

सर अंगणात दाढी करत बसले होते. आरशातून आमच्याकडे बघत ते म्हणाले, "मुंबईच्या कॉलेजचं नाव सांगितलं की नोकरी देणारा पुढचं काही विचारत नाही. अहमदाबादचं सांगाल तर तो म्हणेल, हे कुठं आलं?"

"पण आम्हाला नोकरी करायचीच नाही, सर," मित्र म्हणाला.

"मग नाव कशाला हवंय?"

मित्र हसला. मी हसलो नाही, कारण मला नाव हवं होतं. आमच्या गावात तोवर कुणी पदवी घेतली नव्हती. घ्यायचीच तर चार माणसांना ठाऊक असलेल्या ठिकाणची घ्यावी, असं मला मनातून वाटत होतं. ते मी तेव्हा कुणाला बोललो नाही. आमच्या दोघांच्या बोलण्यात एकच गोष्ट पक्की होती: जिथे जाऊ तिथे दोघं जाऊ, आणि एका खोलीत राहू.

दोन्ही गावं डोळ्यांनी बघून यायची, मग ठरवायचं, असं वडीलमंडळींनी ठरवलं. आम्हा दोघांना मुंबई अण्णांनी दाखवायची, अहमदाबाद चाचांनी.

मुंबईचं कॉलेज मला पाहताक्षणी आवडलं. उंच छताची लायब्ररी, लांबच लांब टेबलं, कोट-टाय घातलेली मुलं हलक्या आवाजात इंग्रजी बोलत चाललेली. एका भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. त्यावर बोटींचे मार्ग लाल रेघांनी काढले होते. मुंबईहून निघालेली एक रेघ एडनला जाऊन वर वळली होती. मी त्या नकाशासमोर इतका वेळ उभा राहिलो की बाहेर पायरीवर बसलेले अण्णा उठून मला शोधत आत आले. फेट्यातल्या माणसाकडे दोनचार मुलांनी वळून पाहिलं. अण्णांनी नकाशाकडे पाहिलं आणि विचारलं, "यात नाशिक कुठं हाय?" नाशिक त्यात नव्हतं.

अडचण राहण्याची आली. कॉलेजच्या वसतिगृहात जागा थोड्या. बाहेरगावची मुलं आपापली सोय बघतात, असं कचेरीत सांगितलं. म्हणून आम्ही शेतकरी समाजाच्या एका वसतिगृहात गेलो. तिथल्या चिटणिसांनी माझं आनंदाने स्वागत केलं. मित्राचं विचारल्यावर म्हणाले, "यांच्यासाठी यांच्या समाजाचं बोर्डिंग आहे ना. फार लांब नाही." आम्ही तिथेही गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी मित्राला लगेच जागा देऊ केली, आणि माझ्याबद्दल तेच उत्तर तितक्याच अदबीने हिंदीत दिलं. दोन्हीकडे माणसं चांगली होती. दोन्हीकडे चहा मिळाला.

मग भाड्याची खोली बघू लागलो. गिरगावातल्या एका घरमालकाने आधी माझं आडनाव विचारलं, मग त्याचं, आणि मग खोली सकाळीच गेल्याचं त्याला आठवलं. दुसऱ्याने खाण्यापिण्याचं विचारलं.

अण्णा म्हणाले, "खातात दोघंबी. आपापलं."

"इथे मासळीसुद्धा चालत नाही," तो म्हणाला. तिथे आम्ही दोघंही बाद झालो, आणि त्याचं आम्हाला जिना उतरताना हसूच आलं. तिसऱ्या ठिकाणी एक बाई मला एकट्याला ठेवून घ्यायला तयार होत्या. मित्र खाली फुटपाथवर उभा होता. मी खाली येऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "देत असतील तर तू घे."

"नको," मी म्हणालो.

ट्रामच्या वाटेवर अण्णा आमच्या दोघांच्या थोडे मागून चालत होते. ते मागे का राहिले, हे मला कळत होतं, कारण आमच्या स्वतःच्या घरात मित्रासाठी कपबशी वेगळी होती. ती ओसरीवरच्या कोनाड्यात असे. तो आला की आई त्याच कपात चहा द्यायची, आणि पिऊन झाला की तो आपणच कप विसळून कोनाड्यात ठेवायचा. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि लहानपणापासून आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

मुंबईहून आल्यावर काही दिवसांनी तो आमच्याकडे आला. आईने सवयीने कोनाड्याकडे हात नेला. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, "घरातला दे." आई क्षणभर थांबली. मग आत गेली आणि आम्हा तिघांना सारख्या कपांत चहा घेऊन आली. मित्राने चहा पिऊन कप विसळायला उठल्यासारखं केलं. अण्णा म्हणाले, "बस तू. राहू दे." एवढंच झालं. आईला ते पचायला बरेच दिवस लागले. ती माझ्याशी त्या आठवड्यात जरा तुटकच वागत होती. पण तो कप कोनाड्यातून गेला, तो पुन्हा दिसला नाही.

अहमदाबादला आम्ही चाचांबरोबर गेलो. प्रवास लांबचा, मुंबईला गाडी बदलून. उतरलो तेव्हा ऊन कडक होतं. साबरमतीच्या कोरड्या पात्रात रंगवलेली कापडं वाळत घातली होती. कॉलेज अजून मांडामांडीत होतं. मोजक्याच खोल्या, बाकांना नव्या लाकडाचा वास, लायब्ररीची अर्धी कपाटं रिकामी. नकाशा कुठे दिसला नाही. पण आम्ही व्हरांड्यात उभे आहोत हे पाहून एक तरुण प्राध्यापक स्वतः बाहेर आले आणि आम्हाला वर्गात घेऊन बसले.

वडील काय करतात, असं त्यांनी विचारलं. मित्राने सांगितलं. मग ते म्हणाले, "समजा, आज तुमच्या वखारीत माल आला. मुंबईत भाव पडलेला आहे आणि इथे चढा आहे. पण इथे यायला एक दिवस जास्त लागतो. काय कराल?"

मित्र विचार करू लागला. चाचांना उत्तर ठाऊक होतं. ते सांगणार होते, पण प्राध्यापकांनी हात किंचित वर करून त्यांना थांबवलं आणि मित्राकडे बघत राहिले. तो अडखळत बोलू लागला. मग त्यांनी त्याला आणखी विचारलं, त्याने आणखी सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत त्यांचं बराच वेळ चाललं. मित्राला इतकं बोलताना मी कॉलेजात कधी ऐकलं नव्हतं.

खोलीही मिळाली. नदीजवळ एका निवृत्त गिरणी-कारकुनाचं घर होतं. त्याच्या मागच्या अंगाला व्हरांडा असलेली एक खोली. मालक गृहस्थ म्हणाले, "दोघं राहा. घरात मांस-मच्छी आणायची नाही. बाहेर काय खाता ते मी विचारणार नाही."

"झालं तर मग," चाचा म्हणाले, आणि त्यांनी आमच्या दोघांच्या पाठीवर थाप मारली.

परतीच्या गाडीत चाचा झोपले. आम्ही दाराशी उभे होतो. मित्राने विचारलं, "तुला नाही आवडलं ना?"

"खोली चांगली आहे."

"मी खोलीचं नाही विचारलं."

मी बाहेर बघत राहिलो. मग म्हणालो, "मला मुंबई हवीय."

नर्मदेचा पूल आला. गाडीचा आवाज बदलला, तो पुन्हा पहिल्यासारखा होईपर्यंत आम्ही दोघं खाली पाण्याकडे बघत होतो. त्याला आता कसं समजवावं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तो मुंबईला यायला तयार होईल असं मी धरूनच चाललो होतो. दोन वसतिगृहांत राहावं लागलं तरी कॉलेज तर एकच असेल.

पूल मागे पडल्यावर तो म्हणाला, "मला अहमदाबाद हवंय. खोली मिळाली नसती तरी हवं होतं. ते सर प्रश्न विचारून थांबले, बघितलंस?"

"आणि आपलं ठरलेलं?"

"ते ठरवलं तेव्हा आपण काही पाहिलं नव्हतं." मग म्हणाला, "मुंबईत तू तुझ्या बोर्डिंगात, मी माझ्या. वेगळंच राहायचं तर गाव तरी आपल्या आवडीचं घेऊ."

मला राग आला. मी माझी मुंबई सोडायला तयार नव्हतो, पण त्याने मात्र माझ्यासाठी अहमदाबाद सोडावं असं मला वाटत होतं. हे मला तिथे दाराशी उभ्या उभ्याच कळलं, आणि त्यामुळे रागावताही येईना. मी आत जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो आला आणि त्याच्या आईने निघताना दिलेला कोरड्या खाऊचा डबा उघडून त्याने माझ्यासमोर धरला. मी घेतलं.

घरी सांगितलं तेव्हा चाचा नाराज झाले. "दोन पोरं, दोन तोंडं, दोन दिशा," ते वखारीत अण्णांना म्हणाले. "आपण काय ठरवलं होतं, पाटील?"

अण्णांनी पानाला चुना लावता लावता विचार केला. म्हणाले, "शेठ, बाजार दोन हायेत. दोन्हीकडं आपला माणूस असला तर वाईट काय?"

चाचांनी शेवटी होकाराची मान हलवली.

जूनमध्ये आम्ही नाशिक रोडहून एकाच गाडीने निघालो. मुंबईला उतरून मी त्याच्याबरोबर दुसऱ्या स्टेशनपर्यंत गेलो, त्याची ट्रंक वर चढवली आणि गाडी सुटेपर्यंत थांबलो. जेवायचं कुठे, पाणी कसं आहे, असलंच काहीतरी बोललो. मग ट्रामने एकटाच वसतिगृहावर आलो.

मुंबईने मला जे हवं होतं ते दिलं. मोठमोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली, बंदरात जाऊन बोटींत माल कसा भरतात ते पाहिलं, वसतिगृहात जिवाभावाचे मित्र मिळाले. वर्ग एवढा मोठा होता की पहिले कित्येक महिने मला कुणी नावाने हाक मारली नाही. त्याची खंत वाटायची, आणि कधीकधी तेच बरंही वाटायचं. मित्र सुटीत भेटला की त्या प्राध्यापकांबद्दल इतकं बोलायचा की ऐकून मला कंटाळा यायचा. त्याला गुजराती उत्तम येऊ लागली होती. आमच्या आईशीही तो चुकून एखादा गुजराती शब्द बोलून जायचा आणि ती त्याला तो पुन्हा म्हणायला लावायची.

पदवी घेतल्यावर मी नाशकात परत आलो. तो अहमदाबादलाच राहिला आणि फळबाजारात आमच्या भागीदारीत त्याने एक लहान गाळा घेतला. पहिल्या हंगामात आम्ही इथून द्राक्षं पाठवली ती तिथे पोचेपर्यंत खालच्या थरात चिरडून गेली. मुंबईला गाडी बदलताना करंड्या कशाही फेकल्या जात. शेवटी मीच तिकडे गेलो आणि हंगाम संपेपर्यंत त्याच्या खोलीत राहिलो.

आमचं फार वाईट जमलं. त्याला खिडकी बंद लागायची, मला उघडी. मी पहाटे उठून बादली वाजवायचो. तो मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा, आणि मी ऐकत नसलो तर तोच मजकूर पुन्हा वाचायचा. एका संध्याकाळी दिवा कुणी पुसायचा यावरून चांगलीच जुंपली. मग दोघंही दमून बसलो.

तो म्हणाला, "कॉलेजची सगळी वर्षं एका खोलीत काढली असती तर?"

"तर आज भागीदारी नसती," मी म्हणालो.

त्याने दिवा स्वतःच पुसला. करंड्यांचं मात्र आम्ही जमवलं. तळाला गवताचा थर वाढवला, करंडी बसकी केली आणि त्यात माल कमी भरला. शेवटच्या खेपेतली द्राक्षं शाबूत पोचली. अण्णा आणि चाचा ती बघायला तिथे नव्हते, म्हणून आम्हीच दोघांनी एकेक घड उचलून उजेडात धरून पाहिला, आणि गाळ्यात उभ्या उभ्या खाल्ला.

मी परत निघालो त्या दिवशी तो स्टेशनवर आला होता. बांबू ओला असताना करंडी विणून घे, वाळलेल्या बांबूची घेऊ नकोस, झाकण सुतळीने दोनदा बांध, असं तो गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभा राहून सांगत होता. गाडी हलल्यावर बरोबर चालत चालत त्याने आणखी काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही, पण मी मान हलवली.