रॅमची जोडी आणि आंबा घाट

आमच्या घरात पाहुण्यांना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. हिला मी हौसेनं गाडी शिकवली, पण मलकापूरच्या पुढं आंबा घाटात ही घाबरली, गाडी कठड्याला घासली आणि त्यानंतर हिनं स्टेअरिंगला हात लावला नाही. सांगणारा मी. पाहुणे हसतात, ही चहा आणायला आत जाते. ती गोष्ट खोटी आहे.

लेकीची मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा गेमिंगचा कॉम्प्युटर आमच्याकडं राहिला, टेबलाला अडकवायच्या स्टेअरिंगसकट. बायकोचे गुडघे दुखतात, बाहेर जाणं कमी झालंय. म्हणून नातीनं जाताना आजीला ट्रक चालवायचा गेम लावून दिला. मला वाटलं, चार दिवसांची हौस. पण दुपारची भांडी आवरली की ही कुठल्या कुठल्या देशांतून माल वाहून नेते. लांबलचक ट्रेलर आरशात बघत मागं घेते आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीत अलगद बसवते. मी शेजारी पेपर धरून बसतो. वाचत नाही.

मग नातीनं तिला डोंगरातल्या रस्त्यांचा नवा नकाशा घालून दिला आणि घोटाळा सुरू झाला. नेमकं वळणावर चित्र गोठायचं, आणि सुटेपर्यंत ट्रक दरीत गेलेला असायचा.

"ह्यात माझी चूक नाही," ही म्हणायची. पडद्याकडं बघूनच म्हणायची, पण मला ते ऐकवत नसे.

रॅम कमी पडतेय, असं नातीनं फोनवर सांगितलं. हिनं व्हिडिओ बघून कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, आतली रॅमची पट्टी स्वतः सोडवली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. मी तोवर भिंतीवरच्या बटणापाशी उभा होतो, बंद केलेलं बटण पुन्हा पुन्हा तपासत.

शाहूपुरीतल्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी पायजे, काका?"

"नातीसाठी." आपोआप तोंडातून गेलं.

"मग तिलाच आणायचं की. गेम कुठं अडकतोय ते तिलाच ठावं."

"नात पुण्याला असते. खेळते मी," ही म्हणाली. "ट्रकचा गेम. सपाटीला मस्त पळतो, घाटात अडकतो."

त्यानं हिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काय सांगता काकू! आमची आई मोबाईलवर भजनाशिवाय कायबी लावत न्हाय."

त्यानं डबीतली पट्टी निरखली. "ही राहू दे. जोडीला ही एक घाला, भागतंय की."

मी लगेच मान डोलवली. चांगली वस्तू टाकायची कशाला?

"पण नवीचा वेग जास्त दिसतोय," ही म्हणाली. "मग दोन्ही चालणार कशा?"

"चालत्यात की. पण दोन्ही हळू पट्टीच्या वेगानं. नवीच्या अंगात कितीबी जोर असला तरी उपेग न्हाय."

हिनं जुनी पट्टी परत चष्म्याच्या डबीत ठेवली. मग म्हणाली, "एकसारख्या दोन द्या. सोळा-सोळा जीबीच्या. आमच्या मदरबोर्डाला चालतात, नातीला विचारलंय."

"वा! काकू, मग खरी गाडीबी चालवत असणार तुम्ही?"

ती गोष्ट माझ्या ओठावर आलीच. "चालवायची, पण घाटात..." म्हणेपर्यंत हिनं काउंटरवरचं खोकं उचलून त्यावरची अक्षरं वाचायला घेतली. मी ही गोष्ट सांगायला लागलो की ही कायम असंच काहीतरी हातात घेते. इतकी वर्षं हे मला दिसलं नव्हतं.

"घाटात मी घाबरलो," मी म्हणालो. "ही वळण बरोबर घेत होती. समोरून एसटी आली आणि बाजूला बसून मी स्टेअरिंग ओढलं. गाडी मी घासली. नाव हिचं सांगत आलो."

दुकानदारानं बिलाचं पुस्तक पुढं ओढलं. "बरं... बिल कुणाच्या नावानं करू?"

"माझ्या," ही म्हणाली.

परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "हे लेकीलापण सांगायचं. नातीलापण." म्हणून फोनवर न सांगता लिहूनच ठेवतोय, म्हणजे पुढं कुणी माझी जुनी गोष्ट सांगणार नाही.

दोन्ही पट्ट्या हिनंच बसवल्या, मधली एक खाच सोडून. कट् असा बारीक आवाज आला. कॉम्प्युटर सुरू झाला आणि ट्रक डोंगराला लागला. बोटाएवढ्या त्या पट्ट्या. त्यांच्या जोरावर कडे वर चढत होते, खाली दरीत धुकं सरकत होतं आणि झाडाच्या पानापानावर ऊन हलत होतं. कुठं काही अडकत नव्हतं. मला देवळात उभं राहिल्यासारखं झालं. आणि त्या सगळ्यातून ही, गुडघ्याला पट्टा बांधलेली, एवढं धूड एका हातानं वळवत चालली होती.

अवघड वळण आलं. समोरून बस आली. माझा हात खुर्चीवरून उठला.

"अहो, हात," ही मान न वळवता म्हणाली.

मी हात मांडीखाली दाबून बसलो. हिनं वेग कमी केला, ट्रक कड्याला धरून घेतला. बस शेजारून निघून गेली.