जपूनरावांचं न झिजलेलं कार्ड

माझ्या मोठ्या मेव्हणीच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या साडूंना, घरात सगळे जपूनराव म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत आहे, आणि त्यात त्यांना टोमणा दिसत नाही, कौतुक दिसतं. सोफ्यावरचं प्लास्टिक त्यांनी आजवर काढलेलं नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीतच असतो. नवा शर्ट कपाटात इतका मुरतो की अंगावर येईपर्यंत पोट पुढे गेलेलं असतं. कुणाच्या हातात काहीही देताना त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "जपून वापरा हं."

आणि माणूस धंद्याने बूट बनवणारा! साधे नव्हेत, व्यंग असलेल्या पायांचे. एक पाय आखूड, टाच आत वळलेली, बोटं एकमेकांवर चढलेली, अशा लोकांना डॉक्टर त्यांच्याकडे पाठवतात. हातात कसब आहे, ते मी नाकारत नाही. डोक्याचं मात्र काय करायचं?

पायांची मापं ठेवायला त्यांना डेटाबेस हवा होता. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. म्हटलं, एक वापरलेलं मशीन देतो. छे! वीज खाईल. त्यांनी कुठूनसा एक इवलासा बोर्ड आणला, पत्त्यांच्या कॅटाएवढा, अख्खा कॉम्प्युटर त्यातच. "झिरोच्या दिव्याएवढीसुद्धा वीज खात नाही," हे ऐकून ऐकून माझे कान किटले. डेटाबेस त्यावर धापा टाकत का होईना, पण चालला. पायाखाली ठेवायची मापाची इलेक्ट्रॉनिक पट्टी त्याला जोडली. गिऱ्हाइकाने तिच्यावर पाय ठेवला की टाचेचा कल आकड्यांत आत जायचा. इथवर ठीक होतं.

मग त्यांना कुणीतरी सांगितलं की बोर्डातलं मेमरी कार्ड लिहून लिहून झिजतं. झालं! जपूनरावांनी सगळा डेटाबेस कार्डावरून उचलला आणि बोर्डाच्या तात्पुरत्या मेमरीत नेऊन ठेवला. वीज आहे तोवर तिथलं सगळं राहतं. वीज गेली की पाटी कोरी. कार्डावर दर आठवड्याला नक्कल उतरवायची असं ठरलं होतं. आठवड्याचा महिना झाला आणि महिन्याचं 'बघू पुढे'.

मी कानीकपाळी ओरडलो. "अहो, कार्ड झिजलं तर नवं मिळतं! मापं कुठून आणाल?"

"चांगलं चाललंय ना? वीज कुठे जाते आपल्याकडे? मग कशाला उगाच लिहायचं त्याच्यावर?"

"निदान बॅटरी तरी लावा."

"बॅटरीपण उतरतेच की कधीतरी."

मी कपाळावर हात मारून घेतला.

व्हायचं तेच झालं. बुटांचे तळवे घासायच्या यंत्राची मोटर अडकली आणि फ्यूज उडाला. तार बदलली, दिवे आले, बोर्डही सुरू झाला. डेटाबेस उघडला तर कार्डावर राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या चार गिऱ्हाइकांखेरीज आत कुणीच नाही. कार्ड मी तपासलं. ठणठणीत होतं बिचारं.

बाकीच्यांची मापं पुन्हा घेता आली. अडलं ते एका लहान मुलीचं. तिची टाच आत वळलेली. वर्षभर तिची आई तिला दर महिन्याला आणून पट्टीवर उभी करत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षाचे आकडे दाखवा; टाच सरळ होत असेल तर थांबू, नाहीतर ऑपरेशन. आई आकडे न्यायला आली तेव्हा मी तिथेच वायरी बघत होतो.

"मापं गेली," जपूनराव तिच्याकडे न बघता म्हणाले.

"मग पुन्हा घ्या ना."

"आजचं घेता येईल हो. मागच्या वर्षाचं कसं घेऊ?"

"पण सुधारत होतं ना? तुम्ही बघितलं असेल की."

बघितलं नव्हतं. आत जमा होतंय, डॉक्टर मागतील तेव्हा काढू, म्हणून यांनी ते आकडे एकदाही उघडले नव्हते! मला इतका संताप आला की हातातली पक्कड मी टेबलावर आपटली.

मग त्यांना एकदम सुचलं. पूर्वी ते प्रत्येक खेपेला गिऱ्हाइकाचे बूट उलटे करून तळवा बघायचे. पाय कुठे दाबतो ते झिजेवरून कळतं. पट्टी आल्यापासून ते त्यांनी सोडलं होतं. "मी बनवलेले तिचे सगळे जोड आहेत ना घरी? ते आणा. ओळीने मांडले की फरक डॉक्टरांनासुद्धा दिसेल." मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मायलेकी पिशवी घेऊन आल्या. जपूनरावांनी पहिला जोड उलटा केला. मग दुसरा, मग तिसरा. तळव्यावरच्या नक्षीची एकही रेघ पुसलेली नव्हती.

"हे वापरलेच नाहीत?"

आई मुलीकडे बघायला लागली. "शाळेत हेच घालतेस ना गं? मी तर सकाळीच कामाला जाते..."

"शाळेत चपला घालते," मुलगी म्हणाली. "हे फक्त इथे यायचं असलं की. काका म्हणाले होते ना, जपून वापर. म्हणून मी खोक्यात ठेवते." आता शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने ती त्यांच्याकडे बघत होती.

एरवी मी त्यांना चिडवायला टपलेला असतो. त्या वेळी मी जोड बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली. जपूनराव खाली बसले. त्यांनी सगळ्यात नवा जोड घेतला, नाडी सैल केली, तिचा पाय मांडीवर ठेवला आणि बूट चढवायला लागले. टाचेमागे बोट घातलं, ढकललं, पुन्हा ढकललं.

"दुखतंय, काका," ती म्हणाली. "हापण आता लहान होतो मला."