चारशे दहा कॅलरी

मालविका पुणतांबेकर उत्तरेत, रामघाटाच्या मराठी वस्तीतल्या गल्लीत वाढली. गेली सतरा वर्षं ती त्याच शहरात भेलूपुरातल्या एका खासगी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. घरून आलेले डबे ती वॉर्डाच्या दारातूनच परत पाठवते, म्हणून नर्सेस तिला पाठीमागे ‘मनाहीवाली दीदी’ म्हणतात.

गेल्या थंडीत एका सकाळी तिचा शेजारी सुमंत दिनानाथ सप्र्यांना हातांवर उचलून रुग्णालयात घेऊन आला. सप्रेकाका निवृत्त संस्कृत शिक्षक, वय एकाहत्तर. लहानपणी मालविका त्यांच्याकडेच शब्दरूपं पाठ करायला जायची. वर्षापूर्वी त्यांची पत्नी गेली, मूलबाळ नव्हतं. सुमंतने हाका मारूनही दार उघडेना, तेव्हा तो गच्चीवरून आत उतरला होता. काका शुद्धीवर होते, पण उठता येत नव्हतं.

“किती दिवस जेवला नाहीत, काका?”

“जेवतो की,” ते म्हणाले. “चहा घेतो. बिस्किट.”

काकांना उभं राहता येत नव्हतं. मालविकाने सुमंतला त्यांना उचलून वजनकाट्यावर चढायला सांगितलं, मग एकट्याला. एकशे एकोणीस वजा अठ्ठ्याहत्तर. एकेचाळीस किलो. झोपलेल्या माणसाची उंची टाचेपासून गुडघ्यापर्यंत मोजून काढतात. ती एकशे एकसष्ट सेंटीमीटर आली. वजन, उंची आणि वय घेऊन तिने हिशेब केला. नुसतं पडून राहायला, श्वास आणि हृदय चालू ठेवायला या देहाला दिवसाला साधारण एक हजार सहासष्ट कॅलरी हव्या होत्या.

कागदावर तिने लिहिलं: चारशे दहा.

संध्याकाळी काकांची बहीण प्रेमला झाशीहून आली. तिने कागद वाचला.

“हजार लागतात म्हणतेस आणि निम्म्याहून कमी देतेस? उपाशी माणसाला?”

“आत्या, इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं. मग श्वास लागतो, हृदय बंद पडू शकतं. आधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग थोडं थोडं. रोज रक्त तपासून वाढवायचं.”

“आमच्या आईने कितीतरी आजारी माणसं शिऱ्यावर उभी केली.”

“चार दिवस थांबा. मग शिरा मीच मागेन तुमच्याकडे.”

प्रेमलाने कागद उलटा करून उशाशी ठेवला.

दोन दिवस दर दोन तासांनी मोजून पेज आणि दूध दिलं गेलं. प्रत्येक वेळी काका वाटी चाटूनपुसून खात आणि अजून मागत. मालविका नाही म्हणायची. त्यांच्याकडे न बघता ती तक्त्यावर आकडा लिहायची, आणि मग जिन्यात जाऊन उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांना धाप लागली. पाय सुजले, नाडी वेडीवाकडी झाली. रक्ताचा रिपोर्ट आला. फॉस्फेट दोन पॉइंट चारवरून शून्य पॉइंट नऊवर उतरलं होतं. डॉक्टरांनी लगेच शिरेतून फॉस्फेट सुरू केलं आणि मालविकाला विचारलं, “आपने कितना दिया था?”

तिने तक्ता पुन्हा तपासला. आकडे बरोबर होते. मग ती बाहेर बाकावर बसलेल्या प्रेमलाशेजारी जाऊन बसली.

“आत्या, काय दिलंत? ओरडणार नाही मी. डॉक्टरांना खरं कळायला हवं.”

प्रेमलाने पदराने तोंड पुसलं. “शिरा. वाटीभर. आणि दोन केळी. तो हात पसरत होता गं. लहानपणीसारखा.”

“कधी?”

“काल संध्याकाळी सात वाजता.”

मालविका उठून आत गेली आणि डॉक्टरांना सांगितलं. दुपारपर्यंत मॉनिटरच्या पडद्यावरची ठोक्यांची रेघ उड्या मारत राहिली. प्रेमला काचेबाहेर उभी होती, कुणी सांगूनही बसली नाही. चारच्या सुमारास धाप उतरली. सहाच्या तपासणीत फॉस्फेट एक पॉइंट सहा होतं. मालविकाने त्या दिवशीच्या कॅलरी वाढवल्या नाहीत.

मग सहाशे, आठशे, आणि नवव्या दिवशी हजार सहासष्ट. त्या दिवशी तिने प्रेमलाला शिरा करायला सांगितला, चार चमचे. प्रेमलाने तो भरवताना एक-दोन-तीन-चार असं मोठ्याने मोजलं.

घरी सोडायच्या दिवशी मालविका पथ्याचा कागद समजावत होती. “आता उठबस सुरू होईल, वजनही वाढायला हवं. हळूहळू सोळाशेपर्यंत जाऊ.”

काका ऐकत होते. मग म्हणाले, “मी उपास करत नव्हतो, मालविका. ही गेल्यावर भात लावायला गेलो. दोघांचा व्हायचा. उरायचा, फेकायला लागायचा. मग कमी लावला, तर कच्चा. एका माणसाला किती तांदूळ लागतो, हेच कळेना मला. विचारायची लाज वाटली. मग सोडून दिलं.”

प्रेमलाने मान फिरवली.

मालविकाने कागद खाली ठेवला, कॅंटीनमधून तांदूळ आणि एक स्टीलची वाटी मागवली. काकांच्या हातात वाटी देऊन ती म्हणाली, “भरा. मी सांगते कुठे थांबायचं.”