बटणं कापलेले शर्ट

मुलांनो, दंगलीत घरं जळालेल्या डोंगरातल्या लोकांसाठी आज चर्चच्या हॉलमध्ये कपडे निवडत होतो. शर्ट धुतलेले, इस्त्रीचे. पण एकालाही बटण नाही. जुना शर्ट फडक्याला काढताना बटणं कापून डबीत ठेवायची आपली रीत, तीच इथेही पाळलेली.

"दानाचे आहेत, चालतील," एक बाई म्हणाल्या.

त्या लोकांच्या मदत छावणीतून परतलेल्या आमच्या नर्स मार्थाबाई शांतपणे म्हणाल्या, "तिथे थंडी आहे हो. छाती कशानं झाकायची त्यांनी?"

मला संताप आला. प्रार्थनेत ज्याला भाऊ म्हणायचं, त्याला कपडे देताना मनात मात्र फडकंच असतं. कपड्यांची गाडी उद्या निघणार आणि आपल्या डबीतली बटणं पुरणार नाहीत, म्हणून घरी येऊन त्या शर्टांना लावायला मी तुमच्या आजोबांच्या रोजच्या शर्टांची बटणं कापायला घेतली. आजोबांनी अंगातलाही काढून दिला.