जीव भांड्यात

गुरुदत्तकाका पोंक्षे आत्म्याच्या वर्गाला शिकायला गेले नव्हते. शिकवायला गेले होते.

१९८६ सालची गोष्ट. ओहायोतलं डब्लिन तेव्हा अजून निम्मं शेतात होतं. काका तिथे राहत आणि राज्याच्या रस्ते खात्यात इंजिनिअर होते. हायवेखालून पाणी जायला ज्या मोऱ्या असतात, त्या ते डिझाइन करत. त्यांचा सांगलीतला भाऊ लोकांना सांगायचा, "दादा अमेरिकेत मोरी बांधतो." ऐकणारे पुढे काही विचारत नसत.

मी मराठी साहित्यात एम.ए. करून कोलंबसला ग्रंथपालन शिकायला आलो होतो. माझ्याकडे ऐकायला वेळ होता, गाडी नव्हती. काकांकडे गाडी होती, ऐकणारं कोणी नव्हतं. अशी आमची मैत्री झाली. मी चोवीस वर्षांचा, ते पन्नाशी ओलांडलेले.

काकांची अडचण अशी की ते सावकाश बोलत. आधी कर्ता मांडायचे. मग थांबायचे. मग कर्म. मराठीत क्रियापद शेवटी येतं. काकांचं यायच्या आत दुसऱ्याच कोणी तरी घालून टाकलेलं असे. बहुतेक वेळा वीणाकाकूंनी.

"वीणा, मला आज ऑफिसात..."

"उशीर होणार. माहीत आहे."

"नाही गं, मला ऑफिसात ती..."

"छत्री न्यायचीय. गाडीतच आहे."

दोन्ही वेळा काकू बरोबर असत. उशीरही होणार असे आणि छत्रीही हवी असे. काकांना तिसरंच काही म्हणायचं असे, ते राहून जाई.

एकदा गाडीत ते मला म्हणाले, "विनय, माझी एकच इच्छा आहे. चार लोकांसमोर एकदा तरी मला..."

मी गप्प बसलो. सिग्नल लाल झाला. हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

"...शेवटपर्यंत बोलायचंय," काका म्हणाले.

त्या वसंतात कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा एक वर्ग निघाला. विषय होता आत्मा, इच्छा आणि सद्गुण. काका खूश झाले. "आत्मा म्हणजे आपला घरचा विषय. या लोकांना काय माहीत?" पहिल्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. परत आले ते गप्प.

"काय झालं?" मी विचारलं.

"ग्रीकांचा आत्मा तीन तुकड्यांत येतो," काका म्हणाले. "डोक्यात बुद्धी. छातीत तेज. बेंबीच्या आसपास वासना. आणि तिघांचं आपसात पटत नाही."

"मग?"

"मग काय मग? माझ्या पोटात काय चाललंय ते त्या माणसाला अडीच हजार वर्षांपूर्वी कसं कळलं?"

काकांच्या पोटात साखर चालली होती. डॉक्टर प्रताप घाणेकरांनी ती बंद केली होती. ते काकांचे डॉक्टर आणि कोलंबसच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे काकांना दोन ठिकाणी गप्प बसवू शकणारा माणूस.

पुढच्या आठवड्यात काकांनी मला ग्रीकांचा रथ समजावून सांगितला. आम्ही त्यांच्या स्टेशन वॅगनमध्ये होतो.

"दोन घोडे. एक पांढरा, सज्जन. एक काळा, हट्टी. सारथी म्हणजे बुद्धी. हे बघ, स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे? बुद्धीच्या. काळा घोडा ओढणार. ओढू दे. आपण शांतपणे..."

गाडी डोनटच्या दुकानाच्या आवारात शिरली.

"काका, तुम्ही वळलात."

"मी नाही वळलो. काळा वळला."

"ब्लिंकर कोणी दिला?"

काकांनी विचार केला. "पांढऱ्याने. तो सज्जन आहे."

घरी पोचल्यावर काकूंनी त्यांच्या शर्टावरची पिठीसाखर बघितली. काका तयारीत होते.

"वीणा, एक ग्रीक म्हणतो की जाणूनबुजून कोणीच वाईट वागत नाही. मला जर खरंच कळलं असतं की डोनट वाईट, तर मी तो खाल्लाच नसता. मी खाल्ला. म्हणजे मला कळलं नव्हतं. म्हणजे माझा दोष..."

"तुमचाच," काकू म्हणाल्या.

"पण दुसरा ग्रीक म्हणतो, कळतं पण वळत नाही असाही माणूस असतो. त्याला ग्रीकमध्ये एक शब्द..."

"आमच्याकडे पण आहे. खादाड."

त्यांची मुलगी दीपा फ्रिजपाशी उभी राहून हसली. ती सोळा वर्षांची होती. "बाबा, शी गॉट यू."

असं सगळं उन्हाळाभर चाललं. मी थक्क होऊन बघत असे. सहा वर्षं साहित्य शिकून मला जे झालं नव्हतं, ते काकांना एका वर्गाने झालं होतं. दुसऱ्या ग्रीकाचं ऐकून ते बेताच्या तिखट वांग्याच्या भाजीला मध्यममार्गी म्हणत. भाऊ फोनवर चिडला की "त्याच्या छातीचा भाग मोठा आहे" असं म्हणत.

मग गणेशोत्सव आला. पुण्याहून येणाऱ्या वक्त्यांना व्हिसा मिळाला नाही. मंडळाला व्याख्यानाचा तास भरून काढायचा होता. आजवर काका तिथे खुर्च्या मांडत आले होते. घाणेकरांनी त्यांना फोन केला. "गुरुदत्त, काही तरी बोल यार. तसंही कोणी ऐकत नाही. पण रिकामं दिसायला नको."

काकांनी फोन ठेवला आणि हात जोडून गणपतीच्या फोटोकडे बघत बसले.

मंडळाचं वार्तापत्र सुचित्राताई हाताने लिहून फोटोकॉपी काढत. त्यांनी विषय विचारायला फोन केला तेव्हा मी तिथेच होतो.

"ग्रीकांच्या मते आत्म्याचे तीन भाग," काका म्हणाले. "आणि त्यातली जी वासना आहे... म्हणजे मी माझी वासना कशी..."

काका क्रियापदासाठी थांबले. सुचित्राताई घाईत होत्या. त्यांनी "कळलं, कळलं" म्हणून फोन ठेवला.

वार्तापत्र आलं. श्रींच्या आरतीच्या वेळेखाली चौकटीत लिहिलं होतं: 'श्री. गुरुदत्त पोंक्षे यांचे मनमोकळे व्याख्यान: मी माझी वासना कशी भागवतो.'

काकांना म्हणायचं होतं 'आवरतो'. आणि वासना म्हणजे त्यांना खाण्याची वासना म्हणायची होती. त्यांची आई आजारी पडली की म्हणायची, "आज अन्नावर वासना नाही." काकांनी बासष्ट साली सांगली सोडली तेव्हा तो शब्द स्वयंपाकघरात होता. त्यानंतर तो कुठे कुठे फिरून आला, हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

आता सगळ्यांनीच कळवलं. क्लीव्हलंडहून काकूंच्या मावसबहिणीचा, शरयूचा फोन आला. "वीणा, तू बरी आहेस ना? आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे." डेटनहून कोणी तरी विचारलं, मुलांना आणलं तर चालेल का. दीपाच्या रविवारच्या मराठी शाळेत पोरांनी तो शब्द डिक्शनरीत शोधला. "बाबा," ती म्हणाली, "माय लाइफ इज ओव्हर."

काकूंनी वार्तापत्राची नीट चौकोनी घडी घातली. ते जास्त भीतीदायक होतं.

"कॅन्सल करा," त्या म्हणाल्या.

"अगं, मी उभा राहून खुलासा..."

"खुलासा केलात तर अजून वाईट दिसेल. सरळ घसा बसलाय म्हणा."

"वीणा, एवढी एक संधी आहे. मी..."

"नाही बोललात तर काही बिघडत नाही."

"...बोलणार," काका म्हणाले.

त्यांचं वाक्य उशिरा आलं, पण आलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग मी येणार नाही. श्रीखंड तेवढं पाठवते, ते कबूल केलंय."

त्या दिवशी शाळेचा हॉल भरला. व्याख्यानाच्या तासाला पुरुष मंडळी एरवी पार्किंग लॉटमध्ये उभी असत. आज ती पहिल्या रांगेत होती. मुलांना जिममध्ये पाठवलं होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काका सवयीने आणायला धावले. घाणेकरांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. "अरे, आज तू वक्ता आहेस."

काका माझ्यापाशी आले. "विनय, इतके लोक एका चुकीच्या क्रियापदासाठी आलेत." ते दाराकडे बघत होते. काकू नव्हत्या.

"चल," ते म्हणाले. "मला सराव करायचाय."

मला वाटलं भाषणाचा. ते मला हॉलमागच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. तिथे काकूंनी पाठवलेलं श्रीखंडाचं मोठं पातेलं होतं. दही टांगून, सावर क्रीम घालून केलेलं. केशराने पिवळं झालेलं.

"सद्गुण सवयीने येतो," काका म्हणाले. "सवय सरावाने येते. संयमाचा सराव करायला समोर श्रीखंड लागतं. तू बुद्धी हो. माझा दंड धर."

मी दंड धरला. काकांनी झाकण उघडलं. बघितलं. झाकण लावलं.

"जमलं," मी म्हणालो.

"दुसऱ्यांदा जास्त अवघड असतं." त्यांनी परत उघडलं. या वेळी ते वास घ्यायला वाकले.

"काका, बास."

"नुसता वास. नाक डोक्यात असतं. म्हणजे बुद्धीच्या हद्दीत..."

तेवढ्यात बाहेरून घाणेकरांनी हाक मारली. काका दचकले आणि नको तेवढे वाकले. मग ताठ झाले आणि थेट स्टेजवर गेले. त्यांच्या मिशीचं डावं टोक पिवळं होतं. बुद्धी दंड धरून होती, मिशी नव्हे.

"मंडळी," काका म्हणाले. "मी माझी वासना..."

ते थांबले. हॉल श्वास रोखून होता. कोणी खोकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर त्यांचं क्रियापद कोणी घातलं नाही.

"...आवरतो."

हॉलने सुस्कारा सोडला. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या सरकल्या. काका बोलत राहिले. मोऱ्यांसारखं बोलले. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कसं वाट काढतं. डोकं, छाती, पोट. डोनटचं दुकान. लोक हसायला लागले. काका खुलले. मग मागून मोहनराव उठले. ते निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांना गीता पाठ होती.

"पोंक्षे, थांबा! आत्म्याचे तीन भाग? आत्मा अखंड आहे. त्याला भूक नाही, राग नाही. तुमचा आत्मा डोनट कसा खातो?"

हशा झाला. हा हशा वेगळा होता.

"नाही, तो आत्मा नव्हे," काका म्हणाले. "म्हणजे ग्रीकांचा जो शब्द आहे, त्याला आपल्यात आत्मा नाही... आपल्यात त्याला..."

ते थांबले. या वेळी क्रियापद नव्हे, नामच येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एम.ए. होतो. मला काही सुचलं नाही. हॉल थांबला. मोहनराव उभे. मोडक्या वाक्यावर खाली उतरण्याची वेळ आली होती.

"जीव," कोणी तरी म्हणालं.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. हातात गाडीच्या किल्ल्या आणि जायफळाची डबी.

"अहो, जीव म्हणा," त्या म्हणाल्या. "आत्मा कशाला मध्ये घेताय? आत्म्याला भूक नसते. जिवाला असते."

मोहनराव खाली बसले.

"जीव!" काका ओरडले. "हाच शब्द! जीव घाबरतो. जीव जळतो. जीव कोणावर तरी जडतो आणि कशात तरी अडकतो. मंडळी, ग्रीक जे सांगतो ते आपण रोज बोलतो, फक्त..."

काका थांबले. मी काकूंकडे बघितलं. पुढचा शब्द त्यांना माहीत होता. त्यांच्या ओठांवर तो आला होता. त्यांनी जायफळाची डबी घट्ट धरली आणि ओठ मिटले. दुखावं इतके घट्ट मिटले. मघाशी पातेल्यापाशी आम्ही दोघांनी जो केला तो सराव होता. संयम हा होता.

"...ऐकत नाही," काका म्हणाले.

मग ते शेवटपर्यंत बोलले. बरंच बोलले. काही लोक पार्किंग लॉटमध्ये गेले. काकू गेल्या नाहीत.

टाळ्या झाल्यावर काका स्वयंपाकघरात आले. काकू श्रीखंडावर जायफळ किसत होत्या.

"जायफळ राहिलं होतं म्हणून आले," त्या म्हणाल्या. "मिशीला काय लागलंय?"

"सराव," काका म्हणाले.

घाणेकर मागून आले. "वीणाताई, याला साखर नाही हं."

"प्रतापराव, तुम्ही जाऊन आरतीचं बघा." काकूंनी एका वाटीत चमचाभर श्रीखंड घेतलं. जरा विचार केला आणि त्यातलं थोडं परत पातेल्यात टाकलं. "जास्त नाही, कमी नाही. तो तुमचा दुसरा ग्रीक हेच म्हणतो ना? उन्हाळाभर ऐकतेय."

काकांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. वाटीकडे बघितलं. मग काकूंकडे बघितलं.

"वीणा, तू आलीस आणि माझा जीव..."

ते थांबले. काकू थांबल्या. मी थांबलो. बाहेर झांजा सुरू झाल्या. काकांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, गिळलं. काकू अजून थांबल्या होत्या.

"...भांड्यात पडला."